टेकओव्हरचा दुसरा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. नागपूरच्या एका छापखान्यात माझी बांधणी झाली आणि गुणवंतराव गुरुजींच्या पिशवीतून मी एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावात आलो. गुरुजींनी मला खाकी कव्हर घातलं. मुलं माझी पानं उलटण्याआधी हात कपड्यांना पुसत. ते माझे सुखाचे दिवस होते. बदली झाली तेव्हा गुरुजींनी मला दीपिकाला दिलं. वर्गात सगळ्यांत जास्त तीच मला उघडायची.

दीपिका बारावी झाली. पुढे शिकायला मिळालं नाही. मग घरात मोबाईल आला आणि मी फळीवर गेलो. माझ्या पाठीवर तेलाची बाटली ठेवू लागले. उंदराने एक कोपरा कुरतडला. तरी मला वाटायचं, कधीतरी कोणाला माझी गरज पडेल.

ती पडली. दीपिकाची आई सुकरीबाई गावातल्या महिला बचतगटाची अध्यक्ष होती. गटाची स्वतःची धान भरडायची गिरणी होती. आठ वर्षं बायकांनीच ती चालवली. पण मशीन जुनं झालं आणि सारखं बंद पडू लागलं. तेव्हा शहरातल्या एका कंपनीचा माणूस इंग्रजी कागद घेऊन आला. कंपनी गिरणी टेकओव्हर करेल, तुमचा त्रास संपेल, एवढंच त्याने सांगितलं. उद्या सह्या घ्यायला येतो म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मोबाईलचा टॉवर बंद होता. दीपिकाने मला खाली काढलं, धूळ झटकली. बायका अंगणात वाट पाहत बसल्या होत्या. पानाच्या अगदी तळाशी तिला तो शब्द सापडला. बोट ठेवून तिने मोठ्याने वाचलं, "दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी आपल्याकडे घेणे."

"म्हणजे आता मशीन तेच सांभाळतीन," सुकरीबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला.

म्हाताऱ्या बुधरीबाईने विचारलं, मग गिरणी कोणाची राहील? आपलीच, ते फक्त काम पाहतील, असं सगळ्यांनी तिला समजावलं. दीपिकाने मला मिटलं.

दुसरा अर्थ पुढच्या पानावर होता. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तो सांगितला असता.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, अंगठे उठले. एक तारखेला दोन माणसं आली. त्यांनी गिरणीला नवं कुलूप लावलं आणि भिंतीवरच्या गटाच्या नावावर चुना फासला. सुकरीबाईने किल्ली मागितली, तर गिरणी आता कंपनीची आहे, धान आणलं तर रांगेत उभं राहा, असं तिला सांगितलं गेलं. बायका तहसीलला जाऊन आल्या. सह्या तुमच्याच आहेत, असं तिथून उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी दीपिकाने मला पुन्हा उघडलं आणि पान उलटलं. "ताबा घेणे. मालकी आपल्याकडे घेणे." ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.

"आई, मी पुढचं पान पाह्यलंच नाई."

सुकरीबाई म्हणाली, "आमी तरी कुठी म्हटलं, पुढचं वाच म्हणून?"

गिरणी गेली ती गेलीच. पण मला त्याहून जास्त दुखतं ते वेगळंच. परवा शेजारचा मुखरू जमिनीच्या पट्ट्याचा कागद घेऊन आला होता. दीपिकाने कागद हातातही घेतला नाही. "मले नाई येत वाचता," ती म्हणाली. मी फळीवरून ते ऐकलं.

मित्रांनो, आम्हाला उंदरापासून, ओलीपासून जपा, पण त्याआधी आम्हाला पुरतं वाचा. आणि तुमच्या गावात कोणी एकदा अर्धवट वाचून चुकलं असेल, तर तिला दोष देत बसू नका. तिच्याजवळ बसा आणि पुस्तक पुन्हा तिच्या हातात द्या.