त्या आठवड्यात निळा रंग चालू होता

कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. सगळे त्यांना थोरले म्हणत, कारण त्यांच्या आधी कामाला लागलेलं आता तिथे कुणीच उरलं नव्हतं. त्यामुळे एका सकाळी घरच्या संडासाच्या पांढऱ्या भांड्यात लाल रंग उतरलेला दिसला, तेव्हा आधी त्यांना वाटलं, हाताचाच असेल. मग आठवलं, कारखान्यात आठवडाभर निळा चालू आहे.

दुखत काही नव्हतं. जळजळ नाही, ताप नाही. दुपारी कामावर पाहिलं तर लघवी नेहमीसारखी. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं, तेच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. बायको असती तर तिने असं परस्पर ठरवू दिलं नसतं. हात धरून दवाखान्यात नेलं असतं आणि पाणी कमी पिता म्हणून वाटेत चार गोष्टी सुनावल्या असत्या. ती गेल्यापासून घरात आवाज होता तो रेडिओचा, आणि रेडिओ काही ऐकून घेणाऱ्यातला नव्हता.

महिन्याभराने पुन्हा तेच. या वेळी रक्ताच्या बारीक गुठळ्याही पडल्या. बीट तर कित्येक दिवसांत घरात आलं नव्हतं.

“मुतखडा असेल ना?” त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

“असू शकतो. जंतुसंसर्ग असतो, प्रॉस्टेट वाढलेलं असतं, मूत्रपिंडाचं दुखणं असतं. कारणं पुष्कळ आहेत. पण तुम्हाला दुखत नाही म्हणता?”

“अजिबात नाही.”

“तेच मला बरं वाटत नाही. काम काय करता?”

“कापडाच्या रंगखात्यात आहे.”

बाईंचं पेन थांबलं. “विडी, सिगारेट?”

“होती. बायकोने सोडवली.”

“पूर्वीच्या काही रंगांमुळे बऱ्याच वर्षांनी मूत्राशयात गाठ होऊ शकते. प्रत्येकाला होतेच असं नाही. पण दुर्बीण घालून आत बघायला हवं. येताना सोबत कुणाला तरी आणा.”

मुलगी परगावी दिलेली. थोरल्यांनी फोन लावला.

“बाबा, सगळं ठीक ना?”

“हो गं. सहज केला.”

“जेवलात?”

“जेवलो.”

“बाळ रडतंय, मी नंतर करू?”

“कर की.”

फोन हातात धरून ते बसून राहिले. लेकीसमोर असले शब्द जिभेवर येईनात. शेवटी त्यांनी चार ओळींचा मेसेज पाठवला. ताबडतोब फोन वाजला.

“मी काय परकी आहे का, बाबा?” ती ओरडली आणि मग रडायलाच लागली.

बाळाला सासूकडे ठेवून ती आली. गाठ होतीच. दुर्बिणीतूनच खरवडून काढली. तपासणीत ती वरवरची निघाली, खोल रुजलेली नव्हती. पण पुन्हा उगवू शकते, म्हणून ठरावीक काळाने बघत राहायचं. मुलीने डबे भरून ठेवले, पाण्याच्या बाटल्या उशाशी मांडल्या आणि ती गेली. त्यानंतर घर आधीपेक्षा जास्त खायला उठलं.

कामावरच्या जुन्या माणसांनाही सांगा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. रुजू झाल्यावर जेवणाच्या सुट्टीत थोरल्यांनी मान खाली घालून सांगून टाकलं. मग कुणीतरी म्हणालं, “थोरले, या वयात पाळी सुरू झाली की काय?” हशा पिकला. थोरलेही हसले आणि डबा झाकून उठले.

सुट्टी झाल्यावर ते हात धूत असताना रंग कालवणारा शेजारच्या नळाशी आला. घरी भरलं गोकुळ असलेला, दिवसभर गाणी म्हणणारा माणूस. त्याने नळ सोडला, पण हात पुढे केले नाहीत.

“तुम्ही डॉक्टरकडे किती दिवसांनी गेलात?”

“महिन्याने. का रे?”

“मला वर्ष होत आलं. येतं, थांबतं, परत येतं.”

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “घरी सांगितलंस?”

“एवढी माणसं आहेत हो घरात,” तो म्हणाला. “कुणाला सांगू?”

थोरल्यांनी हात पुसून टॉवेल त्याच्यापुढे धरला. “उद्या रजा टाक. मीही टाकतो.”

दुसऱ्या दिवशी दोघे दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. नंबर पुकारला गेला, तसा रंग कालवणारा उठला आणि एकदा मागे वळून आत गेला. थोरले त्याची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर थांबले.