पिठावरची रेघ

डोंगराला भेग पडली की तिच्या मागे फिरायचं, हे माझं काम. भूकंप तसा लहानच होता. जालन्यात भांडी वाजली आणि लोक आठवडाभर फोनवर एकमेकांना तेच सांगत राहिले. पण धावडा गावाच्या वरच्या अंगाला डोंगर फाटल्याचा निरोप आला, त्यावर परतीचा पाऊसही धो धो कोसळून गेला, म्हणून भूविज्ञान खात्याच्या कार्यालयानं मला पाठवलं.

गावात म्हणाले, काळी जमीन फाटतेच, त्यात काय एवढं. फाटते की, पण उन्हाळ्यात, आणि चहूकडे जाळीसारखी. पाऊस पडला की मिटते. ही एकच भेग होती, दगडातूनही गेलेली, आणि पावसानं आणखी रुंदावलेली. एका लिंबाचं मूळ तिच्यावर आडवं ताणलं गेलं होतं. मी वाकून आत बघितलं आणि माझा शहाणपणाचा तोरा तिथंच उतरला. अख्खी उतरणच खाली सरकायला निघाली होती.

भेग वळून खाली आली, तिच्या मागोमाग मी. डोंगर कापून केलेल्या सपाटीवर एकच घर होतं. त्याच्या मागच्या दगडगोट्यांत भेग हरवली. ती घराखालून गेली असेल तर घर गेलं. बाजूनं गेली असेल तर वाचलं.

घर काकासाहेबांचं. त्यांची आई सगुणाबाई नुकतीच म्हातारपणानं गेली होती. ओसरीवर काकासाहेब, बायको सुरेखा, मुलगा रामकिसन, सून कौसल्या आणि म्हाताऱ्या मावशी रमाबाई बसले होते. मी म्हटलं, तूर्त सगळे शाळेत चला.

"न्हाई जमायचं, मॅडम," काकासाहेब म्हणाले. "आई गेली त्या जागी दिवा लावलाय. दहाव्यापर्यंत तो इझू द्यायचा न्हाई, अन् घर बी सोडायचं न्हाई. तुमचा डोंगर थांबंल तोवर."

"डोंगर माझा नाही, आणि तो कुणाचं ऐकत नाही," मी म्हटलं, जरा रागानंच.

रमाबाई हळूच बोलल्या, "आज सकाळी पिठावर रेघ उमटलीय. अक्का सर्पाच्या जन्माला गेली. तिची वाट हाय ती. तिला सोडून कसं जायचं?"

रिवाज मला ठाऊक होता. दिव्यापाशी पीठ पसरून वर टोपलं झाकतात, आणि पिठावर जे उमटेल त्यावरून गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते ओळखतात. मी म्हटलं, मला दाखवता का?

माजघरात दिवा तेवत होता. पिठावर किंचित वळलेली एक रेघ होती. सर्प गेला असता तर पीठ दोन्ही बाजूंना सरलं असतं. इथं ते आत ओघळलं होतं. मी होकायंत्र काढलं. वरच्या भेगेची आणि या रेघेची दिशा एकच.

"ही जागा कधी सारवली?"

"कालच, पीठ घालायच्या आधी," सुरेखा म्हणाली.

म्हणजे रेघ एका रात्रीतली. पिठाला मी हात लावला नाही. काकासाहेबांनीच ते बोटानं अलगद बाजूला केलं. खाली सारवण उललं होतं आणि फटीतून गार वारा येत होता. दिव्याची ज्योत त्यानं कलली होती. त्यांनी फटीवर तळवा धरला. मीही धरला. डोंगराच्या पोटातला वारा हाताला लागत होता. इतकी वर्षं मी डोंगर नकाशावर बघत आले. त्या दिवशी मला त्याची भीती वाटली, आणि भीतीहून जास्त म्हणजे, हात जोडावेसे वाटले.

"सर्पाचं मला कळत नाही," मी म्हटलं. "पण ही वरच्या भेगेचीच वाट आहे. घर तिच्यावर बसलंय."

काकासाहेब दिव्याकडं बघत राहिले. "दिवा हलवला तर आई अंधारात राहील."

"आत्याबाई आपल्यासंगं येतील," सुरेखा म्हणाली. तिनं दिवा उचलला, पदराआड धरला आणि कुणाला न विचारता चालू लागली. मग काकासाहेबांनी रमाबाईंना पाठीवर घेतलं. रामकिसननं गाय सोडली.

शाळेच्या ओट्यावरून डोंगर समोर दिसत होता. ऊन कलताना तो निघाला. आधी आवाजच नव्हता. लिंबाची झाडं उभीच्या उभी खाली चालत आली. सपाटी चालली, तिच्यावरचं घर चाललं, पत्र्यांवरचं ऊन तसंच. वाटलं, असंच अलगद नेऊन कुठंतरी ठेवील. मग घर मोडलं आणि गडगडाट छातीत घुसला. सगळं थांबलं तेव्हा डोंगराची आतली बाजू उघडी पडली होती. काळ्या दगडाखाली विटेसारखा लाल, ओला थर. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी तो झाकला गेला होता आणि आज पहिल्यांदा उजेडात आला. सगळं गाव जमलं होतं. कुणीतरी चपला काढल्या.

काकासाहेब तिकडं बघतच नव्हते. ते एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत नावं घेत होते. "सुरेखा. मावशी. रामकिसन. कौसल्या." झालं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते माझ्यापाशी आले. माझं नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी नुसताच हात ठेवला, आणि मला रडू आलं.