फाटक पाडण्याआधी

“पुन्हा,” काचेपलीकडून रेकॉर्डिंग घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

भाऊंनी हिरव्या सफरचंदाचा तुकडा चावला, तोंडातला चिकटा गेल्याची खात्री केली, पोट आत ओढलं आणि माइकसमोर गर्जना केली, “बाबा, हे तुमच्याच भल्यासाठी आहे.”

काचेपलीकडे बाईंनी कपाळ टेबलाला टेकवलं. शेजारचा रेकॉर्डिस्ट छताकडे बघू लागला. सकाळपासून हे एकच वाक्य चाललं होतं, आणि दर खेपेला भाऊ आधीपेक्षा मोठ्याने गर्जत होते.

“भाऊ, मला राक्षस नकोय,” बाई डोकं वर न उचलता म्हणाल्या. “राक्षस बाहेर बसलाय. बिस्किटं खातोय.”

ते खरंच होतं. बाहेरच्या बाकावर गुरगुऱ्या बसला होता. या स्टुडिओत जे जे गुरगुरे, फुत्कारे, हाडं फोडून खाई, ते सगळं त्याच्या गळ्यातून निघे. एरवी माणूस इतका गरीब, की चहा मागायच्या आधी माफी मागे. आज त्याला मुद्दाम बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत भाऊंना राजपुत्र साधला नाही, तर तो गुरगुऱ्याकडे जायचा होता. कंपनीने तसं कळवलं होतं आणि बाईंनी ते भाऊंपासून लपवलं नव्हतं.

भाऊ कित्येक वर्षं या राजपुत्राचा आवाज होते. कॉम्प्युटरवरचा खेळ तो. डोंगरावरचं राज्य, उडते साप, बोलणारी झाडं, आणि या सगळ्याच्या मधोमध हा राजपुत्र. पहिल्या भागात त्याने आपला घोडा जखमी शत्रूला दिला आणि स्वतः पायी गडावर आला. दुसऱ्यात दुष्काळ पडला, तेव्हा राजवाड्याची कोठारं उघडून तो स्वतः उपाशी राहिला. तिसऱ्यात तर खोटं बोलला असता तर जीव वाचला असता, तरी बोलला नाही. पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या भाऊंच्या अंगात हा पंचविशीचा देखणा मुलगा कुठे बिऱ्हाड करून होता, ते देवालाच ठाऊक. पण होता खरा. गल्लीत लोक थट्टेने त्यांना राजपुत्रच म्हणत, आणि बटाट्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत भाऊही त्या हाकेला मान देत.

आणि आता चौथ्या भागात लिहिणाऱ्यांनी या सोन्यासारख्या मुलाची माती करायचं ठरवलं होतं. तो म्हाताऱ्या राजाला बुरुजात कोंडणार. मग आसऱ्याला आलेल्या लोकांच्या तोंडावर गडाचा दरवाजा लावणार. मग काळ्या विहिरीचं पाणी पिणार, आणि ज्यांच्यासाठी उपाशी राहिला त्यांचीच गावं जाळणार. कागद हातात पडल्यापासून भाऊ धुमसत होते.

“तीन भाग मुंगी मारली नाही त्याने,” ते सकाळी बाईंशी भांडले होते. “मधेच काय झालं? शाप? भूतबाधा? काहीतरी कारण द्या मला.”

बाईंनी सांगितलं की शाप वगैरे काही नाही. राजा म्हातारा झालाय. भलत्या वेळी गडाचे दरवाजे उघडतो, जुन्या वैऱ्यांना मित्र समजून गळ्यात पडतो. राजपुत्र त्याला सांभाळून थकलाय. एवढंच.

भाऊंना ते मुळीच पटलं नाही. एवढ्यावरून कोणी बिघडतं होय? एवढं तर घरोघरी असतं. बिघडायचंच तर दणक्यात बिघडावं, म्हणून ते दणका देत होते. घरीही त्यांनी चार दिवस अशीच तालीम केली होती. त्यांची पहिली गर्जना ऐकून आतल्या खोलीतून अण्णांनी दम दिला होता, “फाटकात उभं राहून कोण ओरडतंय? मागे व्हा बघू.”

अण्णा म्हणजे भाऊंचे वडील. त्यांचा सारा जन्म रेल्वेच्या एका फाटकावर गेला. गाडी यायच्या आधी घंटा वाजे, पण तेवढ्यावर अण्णांचं समाधान नसे. ते कोठडीतून बाहेर येत, एकदा इकडे आणि एकदा तिकडे तोंड करून हाक देत, “फाटक पडतंय हो,” आणि मगच फाटक खाली आणणाऱ्या चाकाला हात घालत. नियमात असं काही लिहिलेलं नव्हतं. एका साहेबाने विचारलंही होतं, घंटा असताना घसा कशाला फोडता. अण्णा म्हणाले, घंटा सगळ्यांसाठी असते साहेब, हाक एकेकासाठी. रुळावर डोकं खाली घालून चालणाऱ्या माणसाला घंटा ऐकू येत नाही, पण कोणी आपल्याला बोलावतंय हे कळतं. भाऊंचा गळा तिथूनच आलेला. लहानपणी बापाशेजारी उभं राहून तेही हाक देत.

आता अण्णांना फाटक तेवढं आठवत होतं, बाकी बरंच पुसलं गेलं होतं. भाऊंना ते कधी ओळखत, कधी पाहुणा समजून बसायला सांगत. दार उघडं दिसलं की बाहेर पडत. काल तर लाल टॉवेल घेऊन ते चौकाच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्हीकडची वाहनं थांबवून ठेवली. एका ट्रकवाल्याने तोंडाला येईल ते ऐकवलं. शेवटी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू गळ्यात टेप तसाच लटकवून धावल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. ही काही पहिली वेळ नव्हती. वर भाऊंच्या बहिणीचा लांबून फोन आला. तिने नेहमीप्रमाणे पुष्कळ उपाय सांगितले. त्यांना गुंतवून ठेव, जुने फोटो दाखव, तू जरा समजुतीने घे. भाऊंनी फोन ओट्यावर ठेवून दिला आणि ती समजूत सांगून संपेपर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकला.

आज सकाळी अण्णा आंघोळीला गेले, तेवढ्यात भाऊंनी दाराला बाहेरून नवी कडी ठोकली. मग अण्णांचं ताट वाढून झाकून ठेवलं, पाण्याचा तांब्या भरला, चपला घातल्या आणि बाहेरून कुलूप लावून निघून आले. अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद, वादातून उशीर, आणि उशीर झाला की बाईंचं तोंड.

“भाऊ, खिशात काय वाजतंय?” रेकॉर्डिस्टने विचारलं. “प्रत्येक वेळी दम घेता, की खुळखुळ येते.”

भाऊंनी खिशातून किल्ली काढली आणि समोरच्या स्टँडवर, कागदाच्या कडेला ठेवली. मग पुन्हा गर्जले. मग पुन्हा. शेवटी बाईच म्हणाल्या की जरा थांबू या, मला चहा लागेल, नाहीतर मीच गाव जाळेन.

दोघं उठून गेले. भाऊ मात्र काचेच्या खोलीतच राहिले. बाहेर गेलं की गुरगुऱ्याचा ओशाळलेला चेहरा बघावा लागला असता. त्यांनी घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

“फाटकवाला बोलतोय.”

“अण्णा, मी भाऊ. जेवलात का?”

“फाटक बंद आहे.”

“हो. जेवलात का ते सांगा.”

“फाटक बंद आहे आणि गाडीचा पत्ता नाही. कोणी पाडलं?”

भाऊंच्या डोक्यात सकाळपासूनचं सगळं एकदम वर आलं. बाई, लिहिणारे, ट्रकवाला, बहिणीची समजूत. पण ते ओरडले नाहीत. अण्णांवर ते कधीच ओरडत नसत. अलीकडे त्यांना तशी गरजच पडत नव्हती. आवाज खाली आणला, त्यात थोडी साखर घातली, की काम होई.

“मी पाडलं, अण्णा. तुमच्याच भल्यासाठी आहे ते. आता शहाण्यासारखं बसायचं. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. कळलं ना?”

मग अण्णा म्हणाले, “बरं, साहेब,” आणि फोन ठेवला गेला.

भाऊंनी मान वर केली. काचेपलीकडे बाई चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या. रेकॉर्डिस्टही आला होता. माइक चालूच राहिला होता, आणि पलीकडच्या स्पीकरवर सगळं ऐकू गेलं होतं.

“भाऊ,” बाई म्हणाल्या. आवाजात सकाळचा वैताग नव्हता. “आत्ता बोललात तसं.”

“ते घरचं होतं.”

“हो. तसंच.”

भाऊंनी कागदाकडे बघितलं. कागदाच्या कडेला किल्ली होती. वाचायला डोळे वळवले की आधी तीच दिसे. त्यांनी सफरचंद चावलं नाही, पोट आत ओढलं नाही. तोंड माइकजवळ नेलं आणि म्हणाले, “बाबा, हे तुमच्याच भल्यासाठी आहे.”

त्यात गर्जना नव्हती, द्वेष नव्हता. थकवा होता, आणि माया होती. माया होती म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

बाईंनी “पुन्हा” म्हटलं नाही. रेकॉर्डिस्टने हळूच बटणावरून हात काढला. दारात गुरगुऱ्या येऊन उभा होता, हातातलं बिस्किट अर्धं तसंच. “भाऊ, माफ करा,” तो म्हणाला, “मी एवढी वर्षं दात-ओठ खातोय, पण मला हे जमलं नसतं.” आणि आपली पिशवी उचलून तो निघालाही.

सकाळभर शिव्या खाल्ल्या तेव्हा भाऊंना चीड आली होती. आता पाठ थोपटली जात होती, तर त्याचीही चीड आली. त्यांनी बाईंना विचारलं, हा आवाज जरा कडक करू का, म्हणजे लोकांना तो वाईट आहे हे कळेल तरी. बाई म्हणाल्या, नको, लोकांना कळेल.

पुढचं सगळं भराभर झालं. गडाचा दरवाजा, काळी विहीर, जळती गावं. बुरुजाचं दार एकदा लागल्यावर राजपुत्राला काहीच अवघड उरलं नव्हतं. उतारावरून चालावं तसा तो चालत गेला, आणि भाऊ त्याच्या मागून. युद्धातलं ओरडणं, विव्हळणं तेवढं उद्यावर ठेवलं, कारण त्याने घसा फाटतो. बाईंनी सांगितलं की राजपुत्र तुमचाच राहिला, कंपनीला मी आत्ताच कळवते. भाऊंनी मान हलवली, किल्ली उचलली आणि चपला शोधू लागले.

उन्हं कलली होती. घराच्या जिन्यातच काकूंनी त्यांना गाठलं. त्या दुपारी दाराशी जाऊन आल्या होत्या. हाका मारल्या, पण आतून ओ नाही, टीव्ही नाही, भांड्याचा आवाज नाही. जिवाचं पाणी पाणी झालं म्हणाल्या.

“अरे, निदान किल्ली तरी ठेवायची माझ्याकडे. बापाला कोंडून जातोस आणि वर किल्ली खिशात घेऊन फिरतोस? मला म्हणाला असतास, तर मशीन उचलून तुझ्याकडेच बसले असते. तुमच्या खिडकीत उजेडही बरा आहे.”

काकू बोलत राहिल्या आणि भाऊ कुलूप काढत राहिले. किल्ली दोनदा उलटी लागली. कुलूप निघालं तसं त्यांनी ते किल्लीसकट काकूंच्या हातात ठेवलं.

दार आत ढकललं. अण्णा समोरच स्टुलावर बसले होते, दाराकडे तोंड करून. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मांडीवर लाल टॉवेल, घडी घालून. ताट झाकलेलं तसंच होतं. तांब्याही भरलेला. दाराला धक्का दिल्याची काही खूण नव्हती. फाटक बंद असलं की थांबायचं असतं, आणि त्या वेळात फाटकवाल्याने जेवायला बसायचं नसतं. अण्णांनी जन्मभर पाळलेलं त्यांनी आजही पाळलं होतं.

“गाडी गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली, अण्णा.”

“फार वेळ लावला.” त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. ते भाऊंकडे बघत होते, पण कोणाकडे बघतोय हे त्यांना उमगत नव्हतं. “तुम्ही नवीन दिसता. एक सांगतो, राग मानू नका. फाटक पाडताना हाक द्यायची असते. खाली कोणी असतं, तर?”

“चुकलं माझं,” भाऊ म्हणाले.

अण्णा गुडघ्यावर हात देत उठले. पाय आखडले होते. तरी सावकाश उंबऱ्यापर्यंत आले आणि बाहेर डोकावले. एकदा जिन्याच्या वरच्या बाजूला बघितलं, एकदा खालच्या. कुठून काही येत नाही याची नीट खात्री केली. मग टॉवेल बगलेत धरून एका अंगाला झाले, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी हाताने वाट दाखवली.

“या,” ते म्हणाले. “जपून.”