आत्याच्या शब्दाबाहेर

रविवारची प्रार्थना उरकून माउंट ड्रुइट उपनगरातल्या त्या टोंगन घरात सगळे जेवायला बसले, तेव्हा लोसालिने आत्याने फोन उंच धरला. "सरकार करातले पैसे परत देतंय. आजच्या आज लिंक उघडून माहिती भरा, नाहीतर गेले म्हणून समजा."

तिच्या भाचीने, मेलेनाइतेने, मेसेज वाचला. पाठवणाऱ्याचा नंबर कुणाचा तरी साधा मोबाइल, लिंकमध्ये सरकारी पत्त्याचा मागमूस नाही, वर ही घाई. बँकेच्या काउंटरवर ती लोकांना रोज हेच तर सांगायची.

"आत्या, आयकर विभाग अशी लिंक पाठवत नाही. हे फसवणारे आहेत."

टोंगन घरात बापाच्या थोरल्या बहिणीपुढे कुणी ब्र काढत नाही, आणि ही पोर चारचौघांत तिला खोटं पाडत होती.

"चार बुकं काय शिकली, आता आम्हाला अक्कल शिकवणार," आत्या म्हणाली.

वडिलांनी डोळे वटारले. "माफी माग."

"चुकलं, आत्या."

मग वडिलांनी आपला फोन आणि कार्ड तिच्याच पुढ्यात सरकवलं. "भर. मला बारीक अक्षर दिसत नाही."

त्या खात्यात मेलेनाइतेच्या आईच्या थडग्यावरच्या दगडाचे पैसे होते. नाताळात टोंगाला जाऊन तो बसवायचा, एवढ्या एका आशेवर म्हातारा रात्रपाळ्या करत होता.

"बाबा, जरा थांबू या ना."

"आत्याने सांगितलंय ना? मग झालं."

एखादा आकडा मुद्दाम चुकवावा असं तिच्या मनात आलं, पण आत्या खांद्यावरून बघत होती. तिने सगळं बरोबर भरलं. बँकेकडून आलेला कोडसुद्धा भरला.

दोन दिवसांत खातं साफ झालं. कोड तुम्हीच दिलात म्हणत बँकेने हात वर केले.

पुढच्या रविवारी आत्या जेवणाच्या टेबलावर रडायला लागली. "एवढी माणसं बसली होती, एकालाही मला अडवावंसं वाटलं नाही?"

वडील मेलेनाइतेकडे वळले. "तू बँकेत काम करतेस. तुला कळत होतं. मग हट्ट का नाही धरलास?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माफी मागायला लावणारा हाच माणूस, याच खुर्चीत बसलेला. तिने भाजलेल्या डुकराचा सगळ्यांत चांगला तुकडा उचलला आणि रिवाजाप्रमाणे आधी आत्याच्या ताटात वाढला.

"चुकलं, आत्या," ती म्हणाली.