चंद्रीला घाटावर न्यायचं

"कुत्रा कुठल्या जातीचा आहे, सर?" फोनवरच्या मुलीने विचारले.

"कुत्री. चंद्री. गावठी," सगुण म्हणाला.

"सॉरी सर. आमच्याकडे पाळीव कुत्रे चालतात, पण गावठी नाही. बाकीचे गेस्ट घाबरतात."

"मगे जाहिरातीत कुत्र्याचो फोटो कित्याक घातलास? आमच्या चंद्रीन अजून कोणाक चावूक नाय. माका मात्र आता चावासा वाटता!"

फोन बंद झाला. चोर्ला घाटाच्या रानात गाडी लावून राहण्याची ती एकच जागा सगुणला सापडली होती. त्याने फोन खाटेवर आपटला. खाट गाडीतलीच होती. डिचोलीत तीस वर्षे खाणीचा ट्रक चालवून झाल्यावर त्याने एक जुनी मिनीबस घेतली, सीटा उपटून खाट बसवली, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. बायकोने, कमलाक्षीने, पडदे शिवले. घाटावर चार दिवस राहायचे हे तिचे वेड जुने होते, आणि चंद्रीला मागे ठेवून ती कुठेच जात नसे. खाण चालू होती तेव्हा सगुणला वेळ नव्हता. खाण बंद पडली तेव्हा त्याचे डोके ठिकाणावर नव्हते. शेवटी गाडी तयार झाली आणि चैत्रात कमलाक्षी गेली.

"बरा झाला नाय म्हणाले ते," मुलगा गौरेश दारातून म्हणाला. "आईचा वर्स होवक नाय अजून. लोक काय म्हणतले, बाबा?"

"बाराव्याक दोनशे पाना उठली. श्रीखंड होता. तेव्हा लोक काय म्हणाले?"

"ता वेगळा."

"काय वेगळा? धाव्याक तू माझ्या बाजूक उभो होतंस. तू आयकूक नाय?"

गौरेशने ऐकले होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगुणने घर सांभाळतो म्हणून सांगितले, दागिने सुनेला देतो म्हणून सांगितले. तास गेला. भटजी घड्याळ बघू लागले. तेव्हा सगुण चिडून ओरडला होता, "न्हेतंय गो तुझ्या चंद्रीक घाटार! झाला?" आणि कावळा उतरला होता.

"तो भुकेलो आसतलो," गौरेश पुटपुटला.

"मगे तासभर उपाशी कित्याक बसलो थय?"

संध्याकाळी सगुणने सदाशिवला फोन लावला. दोघांनी एकाच खाणीवर ट्रक चालवले होते. सदाशिवची सुर्ल्याला, घाटावरच, काजूची बाग होती.

"बागेत लाव गाडी," सदाशिव म्हणाला. "कुत्रेची जात आमच्यात कोण इचारणा नाय. पण जळवा आसत हां. तिच्या नाकात घुसतत. मीठ घे, तंबाखू घे. आणि तोंड नीट करून ये मरे, झाडा सुकतीत माझी."

सकाळी झिमझिम होती. सून क्षमाने चंद्रीची थाळी गाडीत ठेवली. सगुणने इंजिन चालू केले. चंद्री दारापाशी आली आणि थांबली. त्याने शिट्टी मारली, बिस्कीट दाखवले, शेवटी पायरीवर हात आपटला. ती दोन पावले मागे सरली. आठ वर्षांत त्याने तिला 'हाड' सोडून दुसरा शब्द म्हटला नव्हता. त्याला ते आज कळले आणि स्वतःचाच इतका राग आला की कान तापले.

"आई हाक मारी, तशी मारा," गौरेश म्हणाला.

"तू मार!"

"शब्द तुमी दिलो."

सगुणने त्याच्याकडे खाऊ की गिळू असे पाहिले. मग इंजिन बंद केले, खाली उतरला आणि गुडघे धरत चिखलातच बसला. पहिली हाक रागाचीच आली. त्याने घसा साफ केला, मान दुसरीकडे वळवली.

"ये गो बाये," तो हळू म्हणाला.

चंद्री आली नाही, पण मागेही गेली नाही. तिची नजर त्याच्या चपलांवर होती. सगुणने त्या काढून बाजूला ठेवल्या आणि पुन्हा हाक मारली.