झाकलेलं बॉनेट

डोरीनच्या राखाडी प्लिमथ गाडीकडे बेलफ्लॉवर गावातलं कुणी वळून पाहत नसे, आणि तिला तेच हवं होतं. बाकीची पोरं जुन्या गाड्यांची बॉनेटं काढून टाकत, इंजिनं लखलखीत घासत, दारांवर ज्वाळा रंगवत. डोरीनने उलटं केलं. मामाच्या गॅरेजमध्ये खपून तिने त्या म्हाताऱ्या गाडीत अपघातात ठोकलेल्या एका कॅडिलॅकचं दांडगं इंजिन बसवलं आणि पत्र्यावरचे पोचे मात्र तसेच ठेवले. मागच्या सीटवर कांद्यांची पिशवी. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मामा सोडले तर हे गुपित फक्त शेजारच्या आर्लनला ठाऊक होतं. ती गाडीखाली आडवी असली की तो टायरवर बसून गिटार छेडायचा आणि मागेल तो पाना द्यायचा, बहुधा चुकीचाच.

डोरीनला 'वावटळ' क्लबात शिरायचं होतं. क्लबाची अॅल्युमिनियमची पाटी मागच्या काचेत लटकली की रस्त्यात माणसं मान डोलवत. पण क्लबात मुलींना घेत नसत. शेवटी एकदा हॅम्बर्गरच्या टपरीसमोर तिने क्लबाच्या म्होरक्याला, क्लेटनला, डिवचलं.

"शर्यत लाव. मी जिंकले तर पाटी माझी."

"या खटाऱ्यात?" क्लेटन हसला. "बाई गं, कांदे सांडतील!"

"सांडले तर तू वेच."

पोरं खिंकाळली. क्लेटनला हात पुढे करावाच लागला. रविवारी, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर. तिथली रीत अशी की, हात मिळवल्यावर कुणी कुणाचं बॉनेट उघडायला सांगायचं नाही. पण आत काय आहे ते आधीच फुटलं, तर समोरच्याला बोली मोडता येते.

त्याच आठवड्यात गॅरेजच्या रेडिओवर आर्लनचा आवाज आला. हॉलिवूडला जाऊन त्याने गाणं रेकॉर्ड केलं होतं. 'समुद्रावरचं आहे,' असं तो म्हणाला होता. डोरीनने आवाज मोठा केला.

"मामा, या लवकर! आपला आर्लन!"

*वरून प्लिमथ, राखाडी आजी,*
*पोटात कॅडिलॅक मारतंय बाजी!*

मामा हात पुसत आले आणि दारातच थांबले. पुढच्या कडव्यात गाडी एक मुलगा चालवत होता. शेजारी बसलेली मुलगी त्याचा दंड धरून किंचाळत होती. चाल इतकी गोड होती की डोरीनचा पाय आपोआप ठेका धरू लागला. तिने तो दाबून धरला.

शनिवारपर्यंत शाळेतली पोरंही तेच गात होती. क्लेटन स्वतः गॅरेजवर आला.

"बॉनेट रेडिओनेच उघडलं. बोली मोडली."

"आता तर आत काय आहे ते कळलंय. मग ये की समोर!"

"कॅडिलॅकच्या? मला काय वेड लागलंय?" जाता जाता तो वळला. "आणि पाटी दिली आम्ही. आर्लनला. गावाचं नाव काढलं पोरानं."

"त्याला धड गिअर टाकता येत नाही, क्लेटन."

"गाण्यात टाकतो ना!"

डोरीन आर्लनकडे गेली. पाटी त्याच्या टेबलावर होती.

"समुद्राचं होतं ना गाणं?"

"होतंच गं. पण रेकॉर्ड कंपनीचे लोक म्हणाले, समुद्राची गाणी फार झाली, आता गाड्या हव्यात. मला दुसरी गाडी कुठली माहितीय?"

"निदान रंग बदलायचास. लाल म्हणायचंस."

"लाल आजी कुठे असते?" तो हसला. ती हसली नाही. "आणि 'आजी'ला 'बाजी' कसं फिट्ट बसलं बघ!"

"पाटीला नाही म्हणता आलं नाही तुला?"

"सगळ्यांसमोर दिली त्यांनी. हवी तर तू लाव." त्याने पाटी पुढे केली. डोरीनने हात खिशातून काढले नाहीत. ती परत टेबलावर ठेवत तो म्हणाला, "बरं, ऐक ना. कंपनीला दुसरं गाणं हवंय. प्लिमथमध्ये आता नवीन काय करणारेस?"

हे तो नेहमी विचारायचा आणि ती अंधार पडेपर्यंत सांगत राहायची. आत्ताही नव्या गिअरबॉक्सची गोष्ट तिच्या ओठांवर होती.

"काही नाही," ती म्हणाली. "विकून टाकतेय."

ती विकणार नव्हती. आर्लनशी ती आज पहिल्यांदाच खोटं बोलली होती आणि त्याला ते खरं वाटलं. त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग त्याने गिटार जवळ ओढली.

"विकली आजी..." तो गुणगुणला आणि पुढचा शब्द शोधू लागला.