वाढत्या अंगाचा पलंग

महादेवरावांनी काठीने निखारे बाजूला सारले आणि राखेतला कणकेचा रोडगा उलटा केला. खालून नीट भाजला होता, वरून अजून कच्चा होता. त्यांनी तो पुन्हा गोवऱ्यांच्या आरात ढकलला आणि डोळे पुसले. धुराने डोळ्यांची पार वाट लावली होती, पण भट्टी त्यांनी आजवर दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. आज तर मुळीच देणार नव्हते.

मूर्तिजापूरच्या बाहेरच्या या जागेवर दर हिवाळ्यात रोडग्यांची पंगत बसायची. अकोल्याचे, अमरावतीचे, दर्यापूरकडचे लोक पावती फाडून यायचे, वांग्याची भाजी आणि तुपात चुरलेले रोडगे दाबून खायचे, आणि त्यातून स्वमग्न मुलांच्या वसतिगृहाचं थोडंथोडं बांधकाम व्हायचं. एका वर्षी पाया झाला, एका वर्षी न्हाणीघरं झाली, एका वर्षी तर नुसत्या चौकटी. आचारी पालकच आणि वाढपीही पालकच. आज एकदाचं उद्घाटन होतं.

फाटकावरच्या फलकावर मात्र अजून तोच जुना फोटो होता, ओळीत उभी असलेली चिमुकली पोरं. तो बदलावा असं कोणीतरी एकदा सुचवलं होतं. संस्थेचे अध्यक्ष उद्धव वकील त्यावर म्हणाले होते, की मिशा फुटलेल्या पोराच्या फोटोवर कोणी खिशात हात घालत नाही. खरंच होतं ते. पोर लहान असेपर्यंतच लोकांना त्याचा कळवळा येतो, पुढे लोक त्याच्यापासून चार हात लांब बसतात.

त्या फोटोत डावीकडून दुसरा उभा असलेला महादेवरावांचा अंकुर आता चिंचेखाली आईजवळ दोन्ही कानांवर हात दाबून बसला होता. ज्या पोरांना आवाज सोसत नाही, त्यांच्या कार्यक्रमाला दोन-दोन भोंगे लावलेले! पण भोंग्याशिवाय उद्घाटन झालं असं आपल्याकडे कोणाला वाटतच नाही. सकाळी महादेवरावांनीच त्याची दाढी केली होती. दाढीला तो घाबरतो, म्हणून एक गाल झाला की थांबायचं, त्याच्याबरोबर एक चक्कर मारून यायची, मग दुसरा गाल. गेल्या वर्षी महादेवरावांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दाढी गळ्यापर्यंत वाढली होती. कौशल्याबाईंनी वस्तरा हातात धरायचा एकदा प्रयत्न केला आणि अंकुरच्या धक्क्याने त्यांचा खांदा निखळला. तेव्हापासून नवरा-बायको एकमेकांशी तो विषय बोलत नसत. आपल्या मागे याचं कोण करील, हा तो विषय. त्याचं उत्तर म्हणून तर ही इमारत होती.

अंकुरलाही त्यांनी ते उत्तर सांगून ठेवलं होतं. रोज झोपताना कौशल्याबाई म्हणायच्या, तिकडे तुझा पलंग आहे, त्यावर तुझं नाव आहे. अंकुरला वाचता येणारं अक्षर म्हणजे तेवढंच, स्वतःचं नाव. तो अंधारात हवेत बोटाने ते लिहायचा आणि मग झोपायचा.

पलंग खरोखरच होते. अगदी पहिल्या पंगतीच्या वर्षी परतवाड्याकडून चांगलं सागवान मिळालं, आणि लाकूड परत मिळेल न मिळेल म्हणून भिंतींच्या आधी पलंग करून घेतले. सूर्यभान सुतार मापं मागायला आला तेव्हा महादेवरावांनी स्वतः एकेक पोर सतरंजीवर निजवून माप घेतलं होतं. वर प्रत्येकाला एक वीत जास्तीची धरायला लावली होती. वाढतं अंग आहे, पुरलं पाहिजे, असं ते म्हणाले तेव्हा सगळ्या आया हसल्या होत्या. उशाच्या फळीवर नावं कोरायची हौस कौशल्याबाईंची. मग ते पलंग एका सभासदाच्या गोदामात ताडपत्रीखाली गेले आणि पैसा येईल तसा विटा-सिमेंटमागे धावण्यात त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. सूर्यभानने काल ते टेम्पोतून आणून मांडले तेव्हा महादेवराव गोवऱ्या रचत होते.

फीत कापली गेली. पाहुण्यांचं भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं. महादेवराव हात धुऊन, धोतराला पुसत, सगळ्यांच्या मागून आत गेले.

आधी कोणीतरी हसलं. अमरावतीचा एक उंचापुरा पोरगा नळाशी गेला होता आणि बेसिन त्याच्या मांडीशी येत होतं. मुलांचा आपापला हात पुरला पाहिजे, म्हणून मुद्दाम खाली बसवलेलं बेसिन. याच बेसिनवर वाकून महादेवरावांनी दर वर्षी राखेचे हात धुतले होते आणि बांधकाम किती छान झालं म्हणून कौतुक केलं होतं. संडासाची भांडी बालवाडीतल्यासारखी. भिंतीवर ससे आणि फुगे. मग दालनाचं दार उघडलं आणि हसणं थांबलं.

दोन ओळींत पलंग मांडले होते. गाद्या नव्या, चादरी कोऱ्या. ज्यांची नावं उशाशी कोरलेली होती, त्यांतली बरीचशी पोरं दारात उभी होती. कोणाला दाढी होती, कोणाचं पोट सुटलं होतं. एकही त्या पलंगात मावणार नव्हता. कोणत्याही आईने हे आधी मनात आणलं नव्हतं, कारण घरी त्या अजूनही त्यांना लेकरूच म्हणत होत्या.

महादेवरावांनी चौकट धरली.

उद्धव वकिलांनी त्यांना दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. वकिलांची स्वतःची जुईली बावीसची झाली होती, आज घरी आत्याजवळ ठेवली होती. ती का आणली नाही, हे महादेवरावांना आता कळत होतं.

"पलंगाचं काय, वकीलसाहेब, फळी लावून वाढवू," महादेवराव घाईने म्हणाले. "सूर्यभान इथंच आहे. मी बोलतो त्याच्याशी."

"पलंगाचं नाही, महादेवराव." वकिलांनी चष्मा काढला. "परवानगी लहान मुलांची आली आहे. चौदाच्या आतली."

"अन् आपले?"

वकील हळूहळू सांगत गेले. अर्ज त्यांनीच भरला होता. नकाशा जुनाच जोडला, आणि नकाशावर जे होतं त्याचीच परवानगी मिळाली. मोठ्यांसाठी वेगळी इमारत लागते, सांभाळायला पुरुषमाणसं लागतात. दिवाळीतच त्यांना हे कळलं होतं. पण पंगतीच्या पावत्या गेल्या होत्या, नव्या पालकांनी आशेने नावं दिली होती. रोडगे होऊन जाऊ द्यावेत, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या टप्प्यात आपल्या मुलांचं नक्की करू, असंही ते म्हणाले.

"पुढच्या टप्प्यात," महादेवराव म्हणाले. "मंग किती वर्सं भाजू मी रोडगे? सांगा मले."

वकील भिंतीवरच्या सशाकडे बघत राहिले. त्यांना शिवी द्यावी असं महादेवरावांना फार वाटलं, पण माप कोणी घेतलं होतं हे त्यांना आठवलं आणि शिवी तोंडातच राहिली.

आत गडबड उडाली म्हणून ते वळले. भोंगा बंद झाल्यावर कौशल्याबाई अंकुरला घेऊन आल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. अंकुर आईचा हात सोडवून फळ्या बघत बघत पुढे गेला आणि खिडकीजवळच्या एका पलंगापाशी थांबला. कोरलेल्या अक्षरांवरून त्याने बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. त्या पलंगावर दर्यापूरच्या आकांक्षाने आपल्या मुलाची पिशवी ठेवली होती. तिचा शिवम सहा वर्षांचा. हा पलंग तुमचा, असं सकाळीच वकिलांनी तिला सांगितलं होतं. नाव नंतर रंध्याने काढून टाकणार होते. तिने पिशवी उचलली आणि मुलाला पोटाशी धरून बाजूला उभी राहिली.

अंकुर आडवा झाला. पाय फळीवर आपटले. त्याने पाय वर घेतले, तर गुडघे बाहेर आले. आता हा चिडणार, डोकं आपटणार, म्हणून दोघे-तिघे पुढे सरसावले. पण तो चिडला नाही. तो कुशीवर वळला, गुडघे छातीशी ओढले, हनुवटी गुडघ्यांत घातली आणि एवढा मोठा देह हळूहळू आवळत गेला. दोन्ही हात मांड्यांमध्ये दडवले. मग तो हलायचा थांबला.

महादेवराव जवळ गेले. "ऊठ बाबू," ते म्हणाले. "घरी जाऊ."

अंकुरने डोळे मिटून घेतले.

कौशल्याबाई गादीशेजारी खाली बसल्या. त्यांनी एकदा उघड्या दारातून दिसणाऱ्या बेसिनांकडे पाहिलं, एकदा आकांक्षाच्या हातातल्या पिशवीकडे, मग वकिलांच्या खाली गेलेल्या मानेकडे. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी चांगल्या हाताने अंकुरच्या पाठीवरची चादर सारखी केली.

"उठवू नका त्याले," त्या म्हणाल्या. "मावला पाहा तो."

बाहेर पंगतीची पानं मांडली जात होती आणि रोडगे करपतील म्हणून कोणीतरी महादेवरावांना हाका मारत होतं. ते पायथ्याशी वाकले. अंकुरच्या टाचा आणि फळी यांच्यामध्ये त्यांनी आपला राखेचा पंजा पसरून ठेवला. बरोबर एक वीत जागा उरली होती.